भोकांच्या फळ्या आणि आमचे साडूभाऊ

जगातली कोणतीही गोष्ट पहिल्यापासून सुरू करावी लागते, हे आमच्या साडूभाऊंना उभ्या आयुष्यात कोणी पटवून देऊ शकलं नाही. त्यांचं सगळं मधून सुरू व्हायचं. दारात पाऊल टाकलं की रामराम नाही, खुशाली नाही, एकदम, "अन् मंग त्यानं टोपीच काढून फेकली ना मास्तर!" कोणी फेकली, कोणाची टोपी, आणि ती फेकण्याइतकं झालं काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर ते आणखी पुढचं सांगत. मी तेव्हा नागभीडच्या शाळेत मराठीचा मास्तर होतो. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद, हे पोरांच्या डोक्यात उतरवण्यासाठी मी घसा फोडत होतो, आणि रविवारी माझ्याच ओसरीवर बसून हा गृहस्थ नुसती क्रियापदं पेरत असे. दोन घटका ऐकलं की माझं डोकं गरगरायला लागे. तरी ते दोन रविवार आले नाहीत तर मला चुकल्यासारखं वाटायचं, हेही खरंच.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला सिंदेवाहीला, तिथल्या एका शेठजींच्या धानाच्या गिरणीत इंजिनावर मिस्त्री. सिंदेवाही आमच्यापासून छोट्या रुळांच्या गाडीने जेमतेम तासाभराच्या अंतरावर, पण साडूभाऊंना ते अंतर सहसा एवढ्यात कापता येत नसे. नागभीडचं जंक्शन पडलं. तिथून गाड्या तीन दिशांना फुटतात. साडूभाऊ फलाटावर जात आणि जी गाडी उभी असेल तिच्यात बसत. एकदा आमच्याकडून जेवून घरी म्हणून निघाले ते थेट उलट्या दिशेला वडशाला जाऊन उतरले. वडशात त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. म्हणजे उतरले तेव्हा नव्हतं. दोन दिवसांनी परत आले तेव्हा निम्म्या वडशाशी त्यांचा घरोबा झाला होता, आणि कोणाच्या तरी परसातला भलामोठा कोहळा खांद्यावर होता. "गाडी उभी होती, बसलो," एवढंच त्यांचं म्हणणं. मी संतापून विचारलं, "अहो भाऊ, पण पाटी वाचायची ना?" त्यावर ते म्हणाले, "वाचली ना. चांगली होती."

माझ्या लग्नातली गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. हे घरचे मोठे जावई, मांडवात सगळ्यात आधी हवेत. नेमकं त्याच दिवशी त्याच गल्लीत दुसरंही एक लग्न होतं. साडूभाऊ त्या मांडवात शिरले. पंगतीत वाढायला उभे राहिले, रुसलेल्या कुणा आत्याबाईंची समजूत काढली, आहेराचं पितळी भांडंही तिथेच देऊन टाकलं. आमच्याकडे पोचले तेव्हा आमची मंगलाष्टकं होऊन विडे वाटून झाले होते. मला जवळ घेऊन फार प्रेमाने म्हणाले, "तिकडचा नवरदेव तुमच्याहून उंच होता, मास्तर. पन तुमी बी काही वाईट नाई." जेवायला बसले की आधी ताकभात खायचे आणि वरण शेवटी मागायचे. पेपर दुसऱ्या पानापासून वाचायचे आणि पहिलं पान पुडी बांधायला ठेवून द्यायचे.

या माणसाचा संसार चालला तो अक्कांमुळे. अक्का म्हणजे माझी मेहुणी. चुलीजवळ बसल्या बसल्या ती त्यांच्या वाक्यांना कर्ता पुरवत असे. साडूभाऊ ओसरीवर "तो कायचा ऐकते!" असं म्हणाले की आतून आवाज यायचा, "ते पोस्टमनचं सांगून राह्यले, मास्तर." तिला ते कसं कळायचं हे मला कधी कळलं नाही.

अक्काच्या पायाबद्दल मात्र साडूभाऊ कधी बोलत नसत, मधूनसुद्धा नाही. लढाईच्या वर्षांत ते एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर आसामात गेले होते. मागे अक्का एकटी. उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या विहिरी आटल्या म्हणून ती तलावावर गेली आणि पाण्याची भरली गुंडी डोक्यावर घेऊन पाळीच्या बांधावरून उतरताना घसरली. कंबरेचं हाड दुखावलं ते कायमचं. तेव्हापासून ती डावा पाय ओढत चालायची. घराजवळच्या गिरणीच्या हौदापर्यंत ती कशीबशी जाई, तिथेच गुंडी भरे; तलावापर्यंत जाणं आता तिच्याने होण्यासारखं नव्हतं. अक्का स्वभावाने मानी. शेजारणीने आणून दिलेल्या पाण्याचा चहा तिला गोड लागत नसे.

आता या हौदाचं सांगतो. गिरणीच्या भिंतीला लागून बाहेरच्या अंगाला तो होता, दगडी, जमिनीत अर्धा गाडलेला, गुडघ्याएवढ्या कठड्याचा. पूर्वी गिरणीत वाफेचं इंजिन होतं, त्याच्या पाण्यासाठी तो बांधला. पुढे तेलाचं इंजिन आलं आणि शेठजींची गरज संपली. पण आतल्या विहिरीचा पंप हौदात सोडायची जुनी वहिवाट त्यांनी मोडली नव्हती, आणि सारा मोहल्ला उन्हाळ्यात त्यावर जगे. फक्त तो उघडा होता. एका वर्षी त्यात कुणाची कालवड पडली. मग ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या पौषात भागाबाईचा नातू वाकून पाण्यात तोंड बघत होता. भागाबाई म्हणजे अक्कांची शेजारीण. तिने सदऱ्याला धरून ओढला म्हणून पोरगं वाचलं. शेठजी धर्मभीरू माणूस. द्वारकेला जायला निघताना त्यांनी साडूभाऊंना बोलावून सांगितलं, "मिस्त्री, मी चैत्रात परत येतो. तोवर हौद झाकलेला दिसला तर ठीक. नाही तर मुरूम टाकून बुजवून टाकतो. उद्या कोणाचं लेकरू गेलं तर ते पाप मी कुठे धुऊ?" माणूस काही चुकीचं बोलत नव्हता. साडूभाऊंनी उत्तर दिलं, "झाकतो." त्यांच्या तोंडून इतकं लहान वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

कोणीही झाकला असता तर सागाच्या फळ्यांनी. आमचा चांदा जिल्हा. इथे साग काय उणा? पण साडूभाऊ नागपूरकडे गेले आणि फाल्गुनात दोन बैलगाड्या भरून लोखंडी फळ्या स्टेशनवरून घेऊन आले. लढाईतला उरलेला माल तिकडे भंगारात निघाला होता. एकेक फळी दोन पुरुष लांब, हातभर रुंद, आणि अंगभर गोल गोल भोकं, मूठ आत जाईल एवढी. फळीच्या एका कडेला आकडे, दुसऱ्या कडेला खाचा. एकीचे आकडे दुसरीच्या खाचांत घालायचे आणि फळी लांबीच्या दिशेने जराशी सरकवायची की दोघी एकमेकींत अशा अडकतात की हत्ती नाचला तरी सुटायच्या नाहीत. हे मला पुढे फळ्या बसवताना कळलं. त्या दिवशी सिंदेवाहीत कोणालाच काही कळत नव्हतं. एक म्हणाला ही तुरुंगाची दारं आहेत, दुसरा म्हणाला खाटा आहेत, पाय मागून येतील. हबीबभाई लोहारांनी भोकातून डोळा लावून पलीकडे बघितलं आणि निर्णय दिला, "भाऊ, हे तं छलनी हाय. यानं काय झाकनार तुमी?"

"विमान उतरलं त्याच्यावर!" साडूभाऊ म्हणाले. "चिखलात! अन् साहेब म्हने, आनखी टाका!"

गर्दीने एकमेकांकडे बघितलं. अक्का तिथे नव्हती, त्यामुळे अर्थ लावायला मी उरलो. आसामात दलदलीवर याच फळ्या अंथरून विमानतळ केला होता आणि साडूभाऊ त्या कामावर होते, एवढं मी जुळवून सांगितलं. पण तोवर मोहल्ल्यात बातमी फिरली होती की गिरणीच्या हौदावर विमान उतरणार आहे. भागाबाईने कोंबड्या डालून ठेवल्या. मी साडूभाऊंना बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, पण साग का नाही?" तेव्हा मात्र ते नीट बोलले. "लाकूड उधळी खाते. उधळीनं सोडलं तं लोकं चुलीत घालते. लोखंड कोन खाते, मास्तर?" वाळवीला आमच्याकडे उधळी म्हणतात, आणि तिने लोखंड खाल्लेलं मीही कधी ऐकलं नव्हतं.

फळ्या बसवायच्या दिवशी मला रजा होती, म्हणून मी गेलो. हौदावर लाकडाची आडवी बल्ली टाकून साडूभाऊ बरोबर मध्यावर जाऊन उभे होते. हबीबभाई काठावरून ओरडत होते, "किनाऱ्यापासून लावा ना भाऊ! बीच से कौन लावते?" साडूभाऊंनी मान हलवली. "मधातून लावलं का दोन्हीकडं सारखं जाते." आणि त्यांनी पहिली फळी मधोमध टाकली. मग एक डावीकडे, एक उजवीकडे. काम मोठं देखणं होत होतं. आकडा खाचेत बसला की खट् आवाज यायचा आणि काठावरचे लोक वाहवा करायचे. संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या शेवटच्या फळ्या बसल्या, तेव्हा असं दिसलं की दोन्हीकडे अर्ध्या अर्ध्या फळीएवढी फट उरली आहे. एका कडेपासून सुरुवात केली असती तर ती जागा एकाच बाजूला आली असती आणि शेवटची फळी नेमकी बसली असती. आता एक फळी दोन ठिकाणी कशी बसणार? साडूभाऊ बराच वेळ या फटीकडे, मग त्या फटीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही फटी विटांनी बुजवल्या, कठडा चारी बाजूंनी वर उचलला आणि फळ्यांची टोकं त्यात चुन्याने पक्की चिणून टाकली. आता एकही फळी तसूभर सरकण्याची भीती उरली नाही.

चुना वाळल्यावर बायकांनी नारळ फोडला, लोखंडावर हळदकुंकू वाहिलं. अक्का नवं लुगडं नेसून आली होती. भागाबाईचा नातू हौदाच्या मधोमध उड्या मारत होता आणि भागाबाई कौतुकाने बघत होती. मग तिने दोराला गुंडी बांधली, चारी बाजूंनी फिरून आली, आणि विचारलं, "भाऊ, गुंडी कुठून सोडू?"

खाली भोकाभोकांतून निळं पाणी चमकत होतं. साडूभाऊंनी हौदाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "तेच तं!"

तोंड ठेवायचंच राहिलं होतं. आणि एक फळी काढून तोंड करावं, तर फळी सरकवल्याशिवाय सुटत नाही आणि सरकायला चुन्याने जागा ठेवली नव्हती. मला हसू आवरेना, पण अक्काचा चेहरा बघून मी ते गिळलं. दोन दिवस बायका रिकाम्या गुंड्या घेऊन येत, भोकांतून पाण्याकडे बघत आणि परत जात. मग साडूभाऊंनी उपाय काढला. वेळूची कांडी, खालची गाठ तशीच ठेवून कापलेली, तिला दोरी. ती भोकातून आत सोडायची, भरली की वर ओढायची. उपाय उत्तम होता. फक्त एक गुंडी भरेपर्यंत अर्ध्या मोहल्ल्याची सोयरीक जुळवून मोडून व्हायची. पण अक्का खूश होती. फळ्यांवर पाय पसरून बसायला मिळे, वाकावं लागत नसे. "गुंडी भरते, उशिरा भरते," ती म्हणायची.

इथवर सगळं निभावलं असतं, पण चैत्राच्या तोंडाशी मोह फुलला.

आमच्या भागात मोह गळायला लागला की माणसाला सपाट जागेची भूक लागते. अंगण, छप्पर, रस्त्याची कड, शाळेचा व्हरांडा, जिथे ऊन पडेल तिथे मोहफुलं वाळत पडतात. माझ्या वर्गाच्या दारातून मी दरवर्षी ती सुपाने बाजूला सारली आहेत. आणि इथे तर मोहल्ल्याच्या मधोमध ही ऐसपैस, लोखंडी, दुपारी तव्यासारखी तापणारी जागा. भागाबाईने विचारलं, "भाऊ, इथी मोह वाळू घालू का?" साडूभाऊ कुणाला तरी टोपीची गोष्ट सांगत होते. ते म्हणाले, "घाला ना, कोन नाई म्हनते?" तिने भोकांवर जुनं लुगडं अंथरलं आणि टोपलीभर फुलं पसरली. ती दोन दिवसांत वाळली. मग सगळ्याच बायकांनी लुगडी आणली. पाणी भरायला एक कोपरा मोकळा ठेवला, बाकी हौद मोहाने पिवळा झाला. साडूभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने दाखवत, "विमानाच्या फळीवर मोह!"

जी बातमी बायकांना कळली ती वानरांनाही कळली. एका दुपारी, सगळे घराघरांत पडले असताना, जंगलाकडून टोळी आली. फुलं खाल्ली असती तर हरकत नव्हती. पण त्यांची आपसात जुंपली आणि त्यांनी लुगडी ओढली. भागाबाई काठी घेऊन धावत येईपर्यंत भोकांच्या फळ्यांनी आपलं काम चोख बजावलं होतं. सगळ्या मोहल्ल्याचा मोह चाळून हौदात गेला होता. हबीबभाई तेवढं म्हणाले, "मी छलनी म्हनलं होतं का नाई?"

आमच्याकडे मोहाचा वास कोणाला शिकवावा लागत नाही. चारपाच दिवसांत हौदाला तो सुटला. मग आंबूस झाला. बायका नाकाला पदर लावून परत फिरू लागल्या. उलट मोहल्ल्यातली काही म्हातारी मंडळी, ज्यांनी जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः उचलला नव्हता, ती सकाळ-संध्याकाळ वेळूची कांडी घेऊन हौदावर दिसू लागली. "उन्हाळा हाय, तहान लागते," असं त्यांचं म्हणणं. पाण्यात नशा होती की नाही यावर सिंदेवाहीत दोन तट पडले. एक तट म्हणे, नुसता वास आहे. दुसरा म्हणे, खात्री करून सांगतो. साडूभाऊ सुपारीलाही न शिवणारा माणूस. त्यांना या दोन तटांमध्ये कुठे उभं राहावं हेच कळेना.

आणि त्यातच गिरणीच्या मुनीमजींनी निरोप आणला, शेठजी उद्याच्या गाडीने येऊन राह्यले.

मी त्या दिवशी तिथेच होतो. साडूभाऊ कठड्यावर बसले होते. मी जवळ जाऊन बसलो, म्हटलं आता काहीतरी मधलंच ऐकायला मिळेल. ते कठड्यावरचा चुना नखाने खरवडत होते. मग म्हणाले, "मास्तर, शेठजी उद्या हौद बुजवतील. मंग ती तलावावर कशी जाईन?" कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं मी या माणसाला सरळ बोलायला सांगत होतो. तो सरळ बोलला तेव्हा वाटलं, नको, यापेक्षा टोपीची गोष्ट बरी होती.

तेवढ्यात अक्का पाय ओढत आली. तिने नाकाला पदर लावला नाही. हौदाकडे बघून विचारलं, "कुठून सुरू केलं होतं तुमी?"

"मधातून," साडूभाऊ म्हणाले.

"तं मधातूनच फोडा ना. रडत कायले बसता?"

हबीबभाई तिच्या मागे छिन्नी-हातोडा घेऊन उभे होते. तिनेच बोलावून आणलं होतं. मग सगळ्यांना एकदम उमजलं की या फळीला कापायला फार कष्टच नाहीत. निम्मं काम भोकांनी आधीच करून ठेवलं आहे. या भोकापासून त्या भोकापर्यंत तोडत गेलं की झालं. दुपारपर्यंत हबीबभाईंनी बरोबर मधोमध चौकोनी तोंड पाडलं, गुंडी नव्हे, माणूस उतरेल एवढं. जे पहिल्या दिवशी हवं होतं ते मोहामुळे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सारा मोहल्ला हौद उपसायला लोटला. आत माणसं, वर माणसं, गुंड्या हातोहात रस्त्यावर रिकाम्या होताहेत, आंबूस पाण्याचा ओहोळ गिरणीच्या दारापासून बाजाराकडे वाहतो आहे आणि त्यात कुणाचे दोन बैल मनापासून तोंड घालून उभे आहेत. अशा वेळी शेठजींची दमणी, बैलांची हलकी गाडी, आली. शेठजी खाली उतरले. त्यांनी ओहोळ बघितला, बैल बघितले, मग फळ्या बघितल्या. "मिस्त्री, हे काय करून ठेवलं?"

"म्हनून तं वानरं आले!" साडूभाऊ पुढे होऊन म्हणाले. त्यांना पुन्हा वाचा फुटली होती.

"कोणती वानरं?"

"अन् साहेब म्हने, आनखी टाका. चिखलात! तिथी विमान बुडलं नाई, इथी पोट्टं कसं बुडन?"

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. मी मास्तर, समजावून सांगणं माझा धंदा. पण वानरं, मोह, विमान आणि आसाम एका वाक्यात बसवताना माझीच जीभ अडखळली. मी म्हणालो, "शेठजी, फळ्या लढाईच्या आहेत. सरकारी विमानतळाच्या." एवढं ऐकून शेठजींचा चेहरा बदलला. ते फळ्यांवर चढले, टाच आपटून बघितली, चारी कोपरे फिरून आले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "मास्तरजी, विमानाचा माल आहे म्हणता? मग यावर मुरूम टाकला आणि उद्या कोणी विचारायला आलं तर?" माल रीतसर विकत आणलेला होता, विचारायला कोणी येणार नव्हतं, हे मला सांगता आलं असतं. पण मी नुसतं गंभीर तोंड केलं. शेठजींनी घाम पुसला. "मिस्त्री, लेकरू पडणार नाही ना यात?"

"झाकन करतो," साडूभाऊ म्हणाले.

"मग असू द्या. सरकारी भानगडीत मला नका घेऊ," असं म्हणून शेठजी दमणीत बसून घरी गेले. काय ठरलं, कशावरून ठरलं, हे त्यांना बहुधा शेवटपर्यंत कळलं नाही. साडूभाऊंना तर नाहीच. ते मला विचारत होते, "सरकारी कोनतं मास्तर?"

झाकण त्यांनी केलं. कापलेले तुकडे एकावर एक दोन पदरांत ठेवून, भोवती जाड पट्टी मारून, कडी लावून. कुणा पोराला, जनावराला उचलता येऊ नये म्हणून ते भक्कम केलं, इतकं भक्कम की ते मोहल्ल्यातल्या एकाही बाईला उचलेना. अक्काला तर नाहीच नाही. तेव्हा रोज सकाळी आणि संध्याकाळी साडूभाऊ इंजिन दुसऱ्यावर सोपवून गिरणीतून बाहेर यायचे, दोन्ही हातांनी झाकण उचलून धरायचे, आणि बायका गुंड्या भरेपर्यंत मधूनच काहीतरी सांगत उभे राहायचे. अक्का सगळ्यांच्या शेवटी भरायची. मी एकदा तिला म्हटलं, "अक्का, हबीबभाई म्हणतात एक पदर काढून हलकं करून देतो. करून घ्या ना. भाऊंना केवढी दगदग." ती लाजली, त्या वयात लाजली. "माह्यासमोरच म्हनले ते. मी म्हनलं, राहू द्या."

वर्षानुवर्षं असं चाललं. उन्हाळा येई, विहिरी आटत, आणि ठरलेल्या वेळी माणूस गिरणीतून हात पुसत बाहेर येई. मग एका श्रावणात साडूभाऊ गेले. दोन दिवसांचा ताप, बाकी काही निमित्त नाही. तेरावं झाल्यावर मी पुन्हा सिंदेवाहीला गेलो तेव्हा अक्का घरात नव्हती, हौदावर होती. हबीबभाईंनी मधल्या काळात झाकणाचा एक पदर काढून टाकला होता. अक्काने वाकून एका हाताने कडी धरली आणि झाकण उचललं. सहज उचललं गेलं. ते तसंच धरून ती थोडा वेळ उभी राहिली.

"हलकं झालं हो, मास्तर," ती म्हणाली. "आता कोनाचीच वाट पाहा लागत नाई."

मी तिच्या हातातून झाकण घेतलं आणि धरून उभा राहिलो. तिने गुंडी भरली, आणि आम्ही घरी आलो.